गावच्या घरात पर्यटक उतरवण्यापूर्वी: निवास-न्याहारीची नोंदणी, परवानग्या आणि रोजची वही

कोकणात वडिलोपार्जित घर आहे, समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, आणि गणपती व शिमगा सोडले तर माडीवरच्या दोन खोल्या वर्षभर बंदच असतात. त्या पर्यटकांना दिल्या तर निदान कौले चाळण्याचा आणि रंगरंगोटीचा खर्च सुटेल, असा विचार आज गावोगाव होतो आहे. विचार योग्यच आहे. मात्र बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी न्हाणीघर पाडून नवे बांधतात, मग संकेतस्थळावर घराचे फोटो टाकतात, आणि पहिली तक्रार किंवा पहिली नोटीस आली की कागद शोधायला बसतात. कागदांचा क्रम पाळला तर हे काम अवघड नाही. क्रम चुकला तर साध्या नोंदणीलाही वर्ष निघून जाते, हे मी स्वतःच्या घराच्या अनुभवावरून सांगतो आहे. पुढील माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या, त्यातही कोकणातल्या घरांसाठी आहे. शहरातला फ्लॅट आणि गोव्यातले घर यांच्याविषयी स्वतंत्र परिच्छेद आहेत.

घर कोणाचे आणि जमीन कोणती

सर्वांत आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा खाते उतारा) आणि ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८, हे तीन कागद ताजे काढून समोर ठेवावेत. घर नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल, किंवा गावठाणाचा सिटी सर्व्हे झालेला असेल, तर मिळकत पत्रिकाही काढावी. नमुना ८ वर आपले नाव आहे म्हणजे घर आपले, असा समज गावात सर्रास आढळतो. तो उतारा घरपट्टी कोणाकडून वसूल करायची यासाठी असतो, मालकीचा तो निर्णायक पुरावा नव्हे. मालकीची साखळी वेगळी दाखवावी लागते, आणि कोकणात ती जवळजवळ नेहमी आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावापाशी अडकलेली असते.

आमच्या घराचा अर्ज पहिल्या वेळी परत आला तो याच कारणाने. वीजबिल आजोबांच्या नावावर होते, घरपट्टी थोरल्या काकांच्या नावावर, आणि अर्ज माझ्या नावाने केलेला. तिन्ही नावांचे नाते आम्हाला ठाऊक होते, पण कागदाला ठाऊक नव्हते. वारस नोंद करून फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातली नावबदलाची नोंद, मंजूर होईपर्यंत एक पावसाळा गेला. म्हणून ज्यांच्या घरात मयत व्यक्तीचे नाव अजून चालू आहे, त्यांनी पर्यटनाचा विचार बाजूला ठेवून आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, आणि फेरफार झाल्यावर त्याच नावाने वीजजोडणी व घरपट्टी बदलून घ्यावी.

घर सामाईक असेल, म्हणजे मुंबईतले काका, पुण्यातली आत्या आणि गावात राहणारे आपण असे सगळेच हिस्सेदार असतील, तर सर्व सहहिस्सेदारांचे नोटरी केलेले संमतीपत्र घ्यावे. त्यात कोणत्या खोल्या पर्यटकांसाठी वापरायच्या, किती वर्षांसाठी, उत्पन्नाची व खर्चाची वाटणी कशी, आणि गणपतीच्या दिवसांत घर कुटुंबासाठी मोकळे ठेवायचे की नाही, हे चारही मुद्दे लिहावेत. शेवटचा मुद्दा वरवर किरकोळ वाटेल, परंतु भाऊबंदकीतले वाद मी तिथूनच पेटलेले पाहिले आहेत. तोंडी होकारावर घराला पैसे लावू नयेत.

त्यानंतर जमिनीचा प्रकार पाहावा. गावठाणातले जुने राहते घर असेल तर मामला सोपा असतो. घर शेतजमिनीवर असेल तर ते बिनशेती झाले आहे का, झाले असल्यास कोणत्या वापरासाठी, हे तपासावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार परवानगीशिवाय जमिनीचा वापर बदलल्यास दंडाची कारवाई होऊ शकते. शेतकऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी बांधलेले शेतघर म्हणजे पर्यटकांचे निवासस्थान नव्हे. शेतातच पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे आणि त्याची नोंदणी वेगळी होते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित न करता येणारी, असेल तर तिच्यावरच्या अटी आधी वाचाव्यात. हे सारे एका बैठकीत तलाठी कार्यालयात कळते, पण ती बैठक पहिली वीट रचण्याआधी व्हायला हवी.

तुम्ही त्या घरात राहता का

निवास-न्याहारी ही कल्पना ज्या गृहीतावर उभी आहे ते म्हणजे यजमान कुटुंब त्याच घरात राहते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अतुल्य भारत निवास-न्याहारी व होमस्टे योजनेत मालकाने कुटुंबासह त्या वास्तूत राहणे ही अटच आहे, आणि पर्यटकांसाठी किमान एक व कमाल सहा खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटा, अशी मर्यादा आहे. तपासणीनंतर त्या योजनेत सुवर्ण किंवा रौप्य वर्ग दिला जातो. राज्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या नावाने लोकांना माहीत असलेली न्याहारी व निवास योजना आहे, आणि पर्यटन व्यवसायांच्या नोंदणीचे काम आता पर्यटन संचालनालय पाहते.

मालक मुंबईत, किल्ली शेजाऱ्याकडे, आणि पाहुणे आले की एक गडी दार उघडून देतो, अशी व्यवस्था या योजनेच्या कल्पनेत बसत नाही. असे घर चालवायचे असेल तर ते लॉज किंवा अतिथिगृह म्हणून चालवण्याची तयारी ठेवावी, आणि त्याला लागणाऱ्या व्यावसायिक परवानग्या व दर मान्य करावेत. मला या बाबतीत ठाम मत मांडायचे आहे: ज्यांना गावात राहणे शक्य नाही त्यांनी होमस्टेच्या नावाखाली रिकामे घर भाड्याने लावू नये. रात्री बारा वाजता पाहुण्याला सर्पदंश झाला किंवा पाहुण्यांच्या गोंगाटाने वाडीची झोप उडाली, तर तिथे निर्णय घेणारे माणूस हवे. ते नसल्याचा त्रास सगळ्या वाडीला होतो.

नोंदणीचा अर्ज

नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडे अर्ज करावा. अर्जासोबत मालकीचे उतारे, सहहिस्सेदारांची संमती, अर्जदाराचे आधार व पॅन, चालू वीजबिल, घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, खोल्यांचे व स्वच्छतागृहांचे फोटो आणि शासकीय चलनाने भरलेल्या शुल्काची पावती अशी फाईल तयार ठेवावी. जेवण देणार असाल तर अन्न नोंदणीही जोडावी. चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करावा. बाकीचे कागद गोळा होईपर्यंत तो दाखला हाती येतो.

ग्रामपंचायतीचा दाखला मागताना नुसता अर्ज टाकून न येता, किती खोल्या, किती माणसे, गाड्या कुठे लागणार, सांडपाणी कुठे जाणार आणि विहिरीवर किती ताण पडणार, हे एका पानावर लिहून द्यावे. मे महिन्यात ज्या वाडीत नळाला दिवसाआड पाणी येते, तिथे दहा शहरी पाहुण्यांच्या दोन वेळच्या आंघोळी हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने गंभीर प्रश्न असतो. शोषखड्डा व सेप्टिक टँक शेजाऱ्याच्या विहिरीपासून पुरेसा दूर आहे हे दाखवता आले, तर ग्रामसभेत निम्मे आक्षेप आपोआप मावळतात.

अधिकारी पाहणीला येतात तेव्हा झुंबर किंवा वातानुकूलन यंत्र पाहत नाहीत. खोलीत उजेड व वारा आहे का, स्वच्छतागृह पाश्चात्य पद्धतीचे व कोरडे आहे का, गरम पाण्याची सोय, स्वच्छ अंथरूण-पांघरूण, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि मुदत न संपलेले अग्निशामक यंत्र, इतके असले की जुने मातीचे घरही उत्तम ठरते.

नोंदणीपत्राचा प्रत्यक्ष उपयोग विजेच्या बाबतीत फार आहे. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवल्याचा निष्कर्ष निघाला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट दराने होते, आणि असा वापर कधीपासून सुरू आहे हे ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरली जाते. म्हणून नोंदणीपत्र मिळताच त्याची प्रत वीज वितरण कंपनीच्या उपविभागाला पोच घेऊन द्यावी, आणि चालू दरपत्रकानुसार आपली जोडणी कोणत्या वर्गात मोडते याचे लेखी उत्तर मागावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. वायरमन बदलतो, कागद राहतो.

अर्जदार महिला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ या महिला केंद्रित पर्यटन धोरणात महिलांच्या मालकीच्या व त्यांनीच चालवलेल्या पर्यटन व्यवसायांना बँकेच्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. घर सासूबाई आणि सुनबाई चालवणार आणि अर्ज मात्र मुलाच्या नावाने, हे चित्र मी अनेक घरांत पाहतो. काम ज्यांचे, नोंदणीही त्यांच्याच नावाने व्हावी.

समुद्राच्या फार जवळ असाल तर

भरतीरेषेलगतच्या घरांना किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेत मच्छीमारांसह स्थानिक रहिवाशांना आपल्या राहत्या घरात होमस्टे चालवण्यास वाव ठेवला आहे, पण तो घराचे जोते, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता. याचा सरळ अर्थ असा की आहे त्या माडीवर पाहुणा ठेवता येईल. परंतु परसात दोन सिमेंटच्या खोल्या नव्याने उठवल्या तर तो वेगळा विषय होतो आणि महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापर्यंत जातो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांच्या पिल्लांचा हंगाम पाहायला येणारे लोक गावकऱ्यांच्या राहत्या घरांतच उतरतात, हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. पाहुण्याला किनारा हवा असतो, किनाऱ्यावरचे बांधकाम नव्हे. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहेत, तेव्हा तिथेही कोणताही नवा बदल करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. पाहुण्यांना पॅरासेलिंग किंवा बोट स्वतः पुरवू नये. त्याचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडून वेगळे घ्यावे लागतात.

शहरातला फ्लॅट

सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट दोन-दोन रात्रींसाठी देण्याआधी संस्थेचे नोंदणीकृत उपविधी वाचावेत आणि समितीला लेखी कळवावे. मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो तेव्हा संस्था आकारते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हा शासनाचा २००१ चा आदेश अनेकांना पाठ असतो. पण त्या आदेशाने रोज नवे माणूस इमारतीत आणण्याचा हक्क मिळत नाही. फ्लॅट चालवायला एखाद्या कंपनीला दिला असेल, तर तिच्याशी केलेला भाडे किंवा अनुज्ञप्ती (लिव्ह अँड लायसन्स) करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत भाडेकरूंची माहिती कळवण्याचे आदेश वेळोवेळी निघतात, तेही पाहावेत.

गोव्यात घर असेल तर

पुण्या-मुंबईच्या अनेकांनी गोव्यात फ्लॅट घेतले आहेत आणि महाराष्ट्रातल्यासारखेच चालेल असे ते धरून चालतात. गोव्यात १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे, आणि पर्यटकांना पैसे घेऊन राहायला देणाऱ्याने, मग ती एकच खोली का असेना, पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या जागेची जाहिरात संकेतस्थळावर टाकणे म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच लावून ठेवणे होय.

स्वयंपाकघर

जेवण किंवा नुसता नाश्ता दिला तरी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालची नोंदणी घ्यावी. छोट्या व्यवसायासाठी ती ऑनलाइन आणि अत्यल्प शुल्कात होते. प्रमाणपत्र दिसेल असे लावावे. विहिरीच्या पाण्याची तपासणी पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्यात अशी दोनदा करून घ्यावी. पाहुण्यांसाठी वेगळी चूल मांडली असेल तर घरगुती गॅस सिलिंडर वापरू नये, वितरकाकडून १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. मद्यविक्री परवान्याशिवाय गुन्हा आहे, आणि ‘पाहुण्याने मागवले, आम्ही फक्त आणून दिले’ हे स्पष्टीकरण टिकत नाही.

कराचा हिशोब

तीन खोल्या, दोन हजार रुपये भाडे आणि वर्षातल्या दोनशे रात्री भरल्या तर उलाढाल बारा लाखांची होते. सेवा पुरवणाऱ्याला वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, म्हणून बहुतेक घरे त्या आतच राहतात. मात्र येथे एक खाचखळगा आहे आणि तो गावातल्या लोकांनाच जास्त बाधतो. निव्वळ माल विकणाऱ्या दुकानदाराला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. त्याच माणसाने त्याच पॅनवर खोल्या देणे सुरू केले की तो निव्वळ मालविक्रेता राहत नाही, आणि दुकान व खोल्या मिळून २० लाखांची मर्यादा त्याला लागू होते. म्हणजे तीस लाखांची उलाढाल असलेल्या किराणा दुकानदाराने एक खोली दिली तरी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. अशा घरात खोल्यांचा व्यवसाय पत्नीच्या किंवा आईच्या नावे, खरोखर त्यांच्याच व्यवस्थापनाखाली आणि त्यांच्याच बँक खात्यातून चालवणे श्रेयस्कर, पण ते कर सल्लागाराला विचारून करावे.

नोंदणीची गरज नसलेल्या यजमानाची खोली ऑनलाइन संकेतस्थळावरून आरक्षित झाली, तर त्या खोलीवरचा वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी संकेतस्थळाची असते. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर पाच टक्के आहे. यजमान स्वतः नोंदणीकृत असेल तर मात्र कर त्यानेच भरायचा. नोंदणी नसताना पाहुण्याकडून ‘जीएसटी’ म्हणून वेगळी रक्कम घेणे बेकायदा आहे. आयकरासाठी प्रत्येक पाहुण्याला क्रमांकित पावती द्यावी आणि रोख रक्कमही खात्यात भरावी.

रोजची वही

परवानग्या एकदाच घ्यायच्या असतात, वही मात्र रोज लिहायची असते, आणि माझ्या मते सगळ्या व्यवहारात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पाने क्रमांकित असलेली बांधीव वही घ्यावी. प्रत्येक पाहुण्याचे, लहान मुलांसकट, नाव, वय, कायमचा पत्ता, फोन, ओळखपत्राचा प्रकार, आल्याची व गेल्याची तारीख आणि वेळ, कुठून आले, कुठे जाणार आणि गाडीचा क्रमांक लिहून सही घ्यावी. एका कुटुंबातल्या एकाचेच ओळखपत्र पाहून बाकीच्यांना आत घेऊ नये. ओळखपत्र म्हणून पॅन घेऊ नये, कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत घ्यायची झाल्यास फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी घ्यावी. पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो घरातल्या तिघा-चौघांच्या मोबाईलमध्ये फिरत राहणे हा त्यांचा विश्वासघात आहे. ते एकाच ठिकाणी, कुलपात ठेवावेत.

परदेशी पाहुणा आल्यास ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाणारी माहिती तो आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. हे कर्तव्य पूर्वी १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याखाली होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ ने घेतली आहे. फॉर्म भरण्यासाठी यजमानाचे खाते आधी मंजूर व्हावे लागते, आणि जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी विभागाकडे असते. पाहुणा दारात उभा असताना खाते उघडायला बसलात तर २४ तास पुरणार नाहीत. म्हणून पहिले परदेशी आरक्षण येण्याची वाट न पाहता पर्यटन नोंदणीबरोबरच हे खाते काढून ठेवावे.

येथे मराठी घरांत हमखास होणारी चूक म्हणजे अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून आलेले मराठी कुटुंब. आडनाव ओळखीचे, बोलणे अस्खलित, मुले आमरस मागून घेणारी. मग पासपोर्ट कशाला पाहायचा, असे यजमानाला वाटते. पण पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असेल तर ते कायद्याने परदेशी नागरिक आहेत, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही, आणि त्यांचीही माहिती भरावी. आरक्षण घेतानाच ‘सर्वांचे पासपोर्ट कोणत्या देशाचे आहेत?’ हा एक प्रश्न विचारून ठेवला, आणि पासपोर्ट व व्हिसाच्या किंवा ओसीआय कार्डाच्या प्रती आधी मागवून घेतल्या, तर रात्री उशिरा थकून आलेल्या माणसांना पडवीत ताटकळत उभे करावे लागत नाही. फॉर्म भरल्यावर मिळणारी पोच छापून वहीच्या त्याच पानाला चिकटवावी, आणि पाहुणे निघाले की गेल्याची वेळ तेव्हाच लिहावी, दुसऱ्या दिवशी आठवून नव्हे.